अप्पासाहेबांचे सोनखत

जूनच्या पहिल्या आठवड्यात मांडव्याजवळच्या एका गावात शेतकऱ्यांचे प्रशिक्षण होते. भाताला खत कसे आणि किती द्यायचे, हा विषय. मला शेवटची वीस मिनिटे दिली होती, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायला. माझ्या आधी कृषी सहायकांनी युरिया आणि डीएपी एकत्र दाबून केलेली सुपारीएवढी गोळी सगळ्यांच्या हातात फिरवली. ही गोळी वर फेकायची नाही, चिखलात खोचायची, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, की रक्ततपासणीच्या कागदावर जो युरिया लिहिलेला असतो तो आणि गोणीतला युरिया, हे एकच की वेगवेगळे? सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

दोन्ही एकच. अगदी तोच रेणू. आपण डाळ, मासे, दूध खातो, त्यातल्या प्रथिनांत नायट्रोजन असतो. शरीराला नको असलेला नायट्रोजन यकृत युरियाच्या रूपात बांधते आणि मूत्रपिंडे तो लघवीतून बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकली की तो रक्तात साठतो, म्हणून आम्ही डॉक्टर त्याची तपासणी करतो. हाच युरिया १८२८ साली फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बनवला. आज मांडव्याच्या माणसाला तो पाहायला जर्मनीला जायला नको. अलिबागकडे निघाले की थळचा खत कारखाना आहेच. हवेतला नायट्रोजन तिथे अमोनियात आणि अमोनिया युरियात बांधला जातो.

म्हातारबाबांचे समाधान झाले, पण त्यांनी पुढचा प्रश्न टाकलाच. एकच आहे, तर मग घरचा फुकट टाकून गोणीचा विकत का आणायचा?

त्यावर मला अप्पासाहेब पटवर्धन आठवले. वीस मिनिटांत जमेल तेवढे मी त्यांच्याबद्दल सांगितले. उरलेले आज इथे लिहितो.

अप्पासाहेबांचे पूर्ण नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. जन्म १८९४चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. ब्राह्मण घर, हुशार मुलगा, तत्त्वज्ञानाचा अभ्यास आणि पुढे पुण्यात कॉलेजात प्राध्यापकी. त्या काळच्या हिशेबाने गाडी रुळावर होती. ती त्यांनी स्वतःच रुळावरून खाली उतरवली. गांधीजींच्या सहवासात आले, साबरमतीच्या आश्रमात राहिले आणि पुन्हा नोकरीच्या वाटेला गेले नाहीत. आश्रमात कोणी कितीही शिकलेला असो, संडास सफाईची पाळी प्रत्येकाला येई. बहुतेकांनी ते व्रत म्हणून केले. अप्पासाहेबांना त्यात अभ्यासाचा विषय सापडला. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली तीही त्यांनीच. घरोघरी जे मराठी पुस्तक असते त्यावर अनुवादक म्हणून सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे नाव असते आणि बहुतेक वाचक ते न वाचताच पान उलटतात.

मग ते कोकणात परतले आणि तिथलेच झाले. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला ते होते. पुढे तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग, हे त्या पिढीतल्या अनेकांसारखेच. कोकणचे गांधी ही पदवीही लोकांनी दिली. अशा पदव्यांचा एक तोटा असतो. माणूस तसबिरीत जातो आणि त्याने नेमके काय केले ते विसरले जाते.

त्यांनी नेमके काय केले, ते समजून घ्यायला १९३२चा रत्नागिरीचा तुरुंग पाहायला हवा. तुरुंगात मैला उचलण्याचे काम, म्हणजे त्या काळी ज्याला भंगीकाम म्हणत ते, ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिले जाई. बाहेरची जातव्यवस्था आत नियम होऊन बसली होती. अप्पासाहेबांनी ते काम मला द्या म्हणून मागणी केली. उत्तर नकाराचे आले. ब्राह्मण कैद्याला हे काम देता येत नाही. काम मिळावे म्हणून त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला. शिक्षा कमी करा म्हणून उपाशी राहणारे कैदी जेलरने पाहिले असतील, घाण काढू द्या म्हणून उपाशी राहणारा बहुधा पहिलाच. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. सप्टेंबरातले त्यांचे मोठे उपोषण होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अप्पासाहेबांची हकीकत कळल्यावर ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही सहानुभूती म्हणून अन्न सोडले. सरकारला नमते घ्यावे लागले.

या घटनेकडे आज दोन बाजूंनी पाहता येते, आणि दोन्ही खऱ्या आहेत. ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले त्यांना त्यात पुण्य कसले, असा सवाल आंबेडकरी चळवळीने केला आणि तो रास्तच होता. अप्पासाहेब ते काम निवडू शकत होते, सोडूही शकत होते. ज्याच्या डोक्यावर पाटी होती त्याला दोन्हीची मुभा नव्हती. अप्पासाहेबांच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की ते झाडू हातात घेऊन थांबले नाहीत. हे काम पवित्र मानण्यापेक्षा ते करण्याची गरजच कोणाला पडू नये, असा संडास का बांधू नये, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने तो गवंड्याच्या आणि शेतकऱ्याच्या पातळीवर आणून सोडवायला घेतला.

गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, १९४८ सालीच, अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला. वय त्रेपन्न. या वयात माणसे जमाखर्च आवरायला घेतात, हे नवा संसार मांडून बसले. गडनदी तिथून जवळच वाहते आणि पुढे मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. आश्रमात शेती होती, जनावरे होती, मेलेली ढोरे सोलून कातडी कमावण्याचे काम होते. ढोराच्या कातड्याचे चामडे आणि हाडामांसाचे खत, काहीच वाया घालवायचे नाही, असा हिशेब. पटवर्धन आडनावाचा माणूस मेलेल्या ढोराजवळ सुरी घेऊन बसतो, हे पाहून कोकणातल्या तेव्हाच्या आळीआळीत काय बोलले गेले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि होता संडास. गोपुरी संडास याच नावाने तो ओळखला जातो. त्यात यंत्र नाही, फारसे पाणी नाही. दोन खाने आळीपाळीने वापरायचे. एकात विष्ठा पडली की तिच्यावर माती, राख, पालापाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मालाची माती होते. काळसर, भुसभुशीत, वास नसलेली. ती उचलायला कोणत्याही जातीच्या माणसाची गरज नाही, घरचा धनी फावडे घेऊन स्वतः काढू शकतो. मराठीत या खताला फार जुना आणि नेमका शब्द आहे, सोनखत. एकेकाळी पुण्याच्या आसपासचे ऊसकरी ते पैसे मोजून विकत घेत. शब्द आपल्याकडे होता, मालाची किंमतही ठाऊक होती. माल तयार करणाऱ्या माणसाला मात्र गावाबाहेर ठेवले होते. अप्पासाहेबांना ही गाठ सोडवायची होती.

यामागचे विज्ञान गांधीजींच्या परिवारात आले ते एका डॉक्टरकडून. जॉर्ज व्हिव्हियन पूर हे लंडनचे वैद्य, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मैला खोल पुरू नका, वीतभर मातीतच ठेवा, कारण जमिनीचा जिवंतपणा वरच्या थरातच असतो, असे त्यांचे म्हणणे. गांधीजी ते वारंवार सांगत. आज आपल्याला त्याचे कारण नीट माहीत आहे. वरच्या वीतभर मातीत हवा खेळते, जिवाणू, बुरशी, गांडुळे असतात, आणि तिथेच पिकाची मुळे असतात. खोल खड्ड्यात हवा नाही. तिथे मैला नुसता सडतो आणि त्यातले क्षार भूजलात उतरतात.

आता म्हातारबाबांच्या प्रश्नाचा हिशेब मांडू. आपल्याकडचा आहार धरला तर एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण तीन किलो नायट्रोजन बाहेर पडतो, त्यातला मोठा भाग लघवीतून. स्फुरद अर्ध्या किलोच्या आतबाहेर. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे वीस किलोंच्या थोडा वर. पाच माणसांचे घर वर्षाला जवळजवळ पाऊण गोणी युरियाइतका नायट्रोजन बाहेर टाकते. तो कुठे जातो, हा खरा प्रश्न आहे.

तो नाहीसा होत नाही. जमिनीत गेला तर पिकात जातो, पाण्यात गेला तर शेवाळात. खत म्हणजे वनस्पतीचे अन्न, आणि खाडीतले सूक्ष्म शेवाळ हीदेखील वनस्पतीच. पहिल्या मोठ्या सरींबरोबर खाचरातले पाणी बांध ओलांडून ओढ्याला, ओढ्यातून खाडीला लागते. त्याबरोबर गेलेल्या नायट्रोजनवर आणि स्फुरदावर शेवाळ माजते. माजलेले शेवाळ मरते, तळाला जाते, ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. मासे पळू शकतात, तळाशी चिकटलेली कालवे आणि वाळूतल्या तिसऱ्या पळू शकत नाहीत. ओहोटीला खडकांवर कालवे फोडत बसणाऱ्या बायकांना पाण्याचा रंग आणि वास बदलला की आधी कळते, प्रयोगशाळेला नंतर.

डॉक्टर म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. कालवे, शिंपले पाणी गाळून जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठते. मैल्यातले जंतू असोत की काही जातींच्या शेवाळांचे विष. जंतू चांगले शिजवल्याने मरतात, शेवाळाचे विष मात्र शिजवूनही जात नाही. शिवाय पाण्यात शेवाळ वाढले की त्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी वाढतात, आणि कॉलऱ्याचे जिवाणू नेमके त्यांच्याच अंगावर चिकटून राहतात, हे गेल्या काही दशकांत सिद्ध झालेले आहे. खाडीचे पाणी हिरवे होणे ही फक्त मासेमाराची अडचण नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर मांडव्याचा शेतकरी उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील. रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा हल्ली कोकण किनाऱ्यावर दिसतात आणि लोक त्यांचे फोटो काढतात. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवाची. तिच्यामागे अरबी समुद्रातले प्राणवायू कमी असलेले पाणी, वारे, प्रवाह अशी मोठी कारणेही आहेत. शिवाय मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर मुंबई दिसते, आणि तिचे सांडपाणीही याच समुद्रात येते. चार गुंठ्यांच्या कांद्याला घातलेले खत त्यापुढे किती? थोडेच. पण मुंबईचे पाणी मांडव्याच्या माणसाच्या हातात नाही, आपले खाचर आणि आपली विहीर आहे.

विहिरीचे तर अगदीच जवळचे आहे. नायट्रोजनचे जमिनीत नायट्रेट होते आणि ते मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर खाली जाते. मांडवा, किहीम, आवास या भागात किनाऱ्याची वाळू, पाणी पटकन पाझरू देणारी. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भातानंतर पांढरा कांदा, भाजीपाला, आणि वाडीत नारळ-सुपारी. त्यात आता आठवड्याच्या शेवटी भरणारे बंगले. प्रत्येकाची सेप्टिक टाकी. अनेकांची समजूत अशी की टाकीत गेले म्हणजे संपले. टाकीत घट्ट गाळ तळाशी बसतो, विरघळलेला नायट्रोजन मात्र पाण्याबरोबर शोषखड्ड्यातून जमिनीत जातो, आणि तिथून शेजाऱ्याच्या विहिरीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपल्याकडची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून बरेच जास्त असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊन ते निळे पडू शकते. आणि हे लक्षात ठेवा, पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटले की ते घट्ट होते. विहिरीचे पाणी वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, तपासून घ्यावे. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावा.

पुन्हा अप्पासाहेबांकडे. ते शेवाळाबद्दल किंवा नायट्रेटबद्दल बोलत नव्हते, त्यांच्या काळी हा प्रश्न कोणी या शब्दांत मांडला नव्हता. त्यांचा मुद्दा साधा होता. शेतातून धान्य आले, माणसाने खाल्ले, उरलेले शेतात परत गेले पाहिजे. मध्ये पाणी आणले की वर्तुळ तुटते. जमीन उपाशी राहते आणि नदी नासते. उतारवयात त्यांनी व्याजाविरुद्धही लिहिले. पैसा साठवून ठेवण्याबद्दल व्याज मिळण्याऐवजी उलट बट्टा बसावा, असा त्यांचा विचार होता. अर्थशास्त्रज्ञांनी त्याला फारसे गंभीरपणे घेतले नाही, मलाही तो पूर्ण पटत नाही. पण खड्ड्यातले खत आणि तिजोरीतला पैसा यांच्याकडे हा माणूस एकाच नजरेने पाहत होता, हे लक्षात आले की त्यांच्या आयुष्यातली विचित्र वाटणारी कामे एका ओळीत बसतात. ढोर, संडास, भूदानाची पदयात्रा, व्याज. अडलेले वाहते करणे.

त्यांचा संडास गावोगाव पोचला का? नाही. आणि याची कारणे नीट पाहिली पाहिजेत. एक, रोज माती आणि पाला टाकण्याची शिस्त लागते. आश्रमात ती असते, दहा माणसांच्या घरात घाईच्या सकाळी ती राहत नाही. दोन, खड्डा उघडण्याची शिसारी. आत माती झाली आहे हे डोक्याला पटते, हाताला पटत नाही. त्या शिसारीत हजारो वर्षांची जातही मिसळलेली आहे. तीन, आरोग्याची एक खरी अडचण. जंताची अंडी फार चिवट असतात, मातीत वर्षभरही जिवंत राहू शकतात. खड्डा चार महिन्यांत उघडला तर सोनखताबरोबर जंत शेतात जातात. कोकणात हा प्रश्न काल्पनिक नव्हता. उघड्यावरच्या विष्ठेतून आकडेकृमीच्या अळ्या ओल्या मातीत येतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. आतड्याला चिकटून रक्त पितात. चिखलात दिवसभर वाकून आवणी करणाऱ्या बायकांचे फिके पडलेले डोळे आणि सुजलेले पाय माझ्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी ओपीडीत रोज पाहिले आहेत. उघड्यावर बसणे थांबवणारा संडास त्या बायकांसाठी औषधाच्या गोळीहून मोठा होता. मात्र भरलेला खड्डा पुरेसा काळ बंद ठेवायलाच हवा. दोन खाने असण्याचे खरे मोल या वाट पाहण्यात आहे. आज सरकारी योजनेत दोन शोषखड्ड्यांचा जो संडास बांधतात, त्याची कल्पना याच जातकुळीची आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी दोन्ही खड्डे एकदमच जोडून टाकलेले असतात, आणि मग हेतूच बुडतो.

अप्पासाहेबांचे काम ज्यांनी पुढे नेले त्यांत एक सरकारी डॉक्टर होते, हे आमच्या व्यवसायाच्या वतीने थोड्या अभिमानाने सांगतो. डॉ. मापुसकर १९५९च्या सुमारास देहूच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. गाव उघड्यावर बसणारे, रोगी तेच तेच. त्यांनी पुढाकार घेऊन काही संडास बांधवले, ते पावसाळ्यात कोसळले. ज्याने आयुष्यात एकदा तरी गावात काही नवे करून पाहिले आहे, त्याला त्यांचे तोंड कसे झाले असेल ते सांगायला नको. पुढे त्यांना अप्पासाहेबांचे मार्गदर्शन लाभले. अप्पासाहेब शेणाबरोबर माणसाच्या मैल्यापासूनही गॅस काढण्याच्या मागे होते. मापुसकरांनी तीच वाट धरून संडासाला जोडलेले गॅसचे संयंत्र विकसित केले आणि त्याला मलप्रभा असे सुंदर नाव दिले. चुलीला गॅस, शेताला खत. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अप्पासाहेब १० मार्च १९७१ रोजीच गेले होते. गोपुरी आश्रम कणकवलीत आजही आहे.

मांडव्याच्या प्रशिक्षणातली ती गोळीही याच हिशेबाची, फक्त कारखान्यातून आलेली. तिच्यामागेही एक कोकणाशी जोडलेले नाव आहे, कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत. त्यांच्या चारसूत्री भातलागवडीत पहिली दोन सूत्रे जुन्याच शहाणपणाची. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेला, पेंढा खाचराला, आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात. तिसरे, दोन-चार रोपांचे चूड १५ आणि २५ सेंटिमीटरच्या अंतराने आलटून पालटून लावायचे, म्हणजे चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो. चौथे, त्या चौकोनाच्या मध्यभागी एक गोळी, आवणीच्याच दिवशी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गोळीचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आत. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या, हेक्टरी सुमारे १७० किलो.

खोल का? पाण्यावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन बराचसा हवेत उडतो, काही बांधावरून वाहून जातो. पिकाच्या वाट्याला अनेकदा निम्मासुद्धा येत नाही. चिखलात खोचलेल्या गोळीतला नायट्रोजन मातीच्या कणांना धरून राहतो, तिथे हवा नसल्याने त्याचे नायट्रेट सहजी होत नाही, आणि मुळे हळूहळू तो घेतात. खत कमी लागते, पीक कमी येत नाही, ओढ्याला कमी जाते. वीतभर मातीतच ठेवा, हे पूर डॉक्टरांचे आणि अप्पासाहेबांचे सूत्रच दुसऱ्या वाटेने खाचरात आले आहे.

अडचण इथेही आहेच. गोळ्या खोचायला वाकावे लागते, आणि वाकतात त्या बायका. त्या दिवशी समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. एकीने उभे राहून विचारले, की खत वाचेल ते घरधन्याचे, कंबर दुखेल ती कोणाची? माझ्याकडे त्याला चांगले उत्तर नव्हते. कृषी सहायकांनी गोळी उभ्याने सोडता येईल अशा नळीबद्दल सांगितले. ती नळी गावात कोणी पाहिलेली नव्हती. पुढच्या वेळी आणतो असे त्यांनी कबूल केले, आणि बायकांनी ते लक्षात ठेवले आहे असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले.

चहा झाल्यावर म्हातारबाबा माझ्याजवळ आले. भरलेला खड्डा किती दिवस बंद ठेवायचा, ते त्यांना नक्की हवे होते. मी दीड वर्ष म्हटले, दोन झाले तर उत्तम, आणि खत भाजीला नको, नारळ-आंब्याच्या बुंध्याला घाला. त्यांनी बोटांवर महिने मोजले. त्यांच्या घरी योजनेतला दोन खड्ड्यांचा संडास आहे, पहिला खड्डा भरून गेल्या दिवाळीच्या आधल्या दिवाळीलाच बंद केलेला. मुलगा टँकर बोलावून तो उपसायच्या गोष्टी करत होता. टँकर तो माल नेऊन कुठे ओततो, हे म्हातारबाबांना ठाऊक होते, मलाही आहे. या वर्षी पाऊस सरला की तो खड्डा स्वतः उघडायचा आणि विहिरीपासून लांबच्या चार माडांना घालायचा, असे त्यांनी ठरवले. सुनेला मात्र अजून सांगायचे नाही, असेही ते जाताजाता म्हणाले.